गाणे यंत्रात आहे, पण शोधल्यावर सापडत नाही : डिजिटल ज्यूकबॉक्सची तपासणी कशी करावी

हिंगणघाट ते पांढरकवडा या पट्ट्यातील महामार्गावरचे ढाबे, तालुक्याच्या गावांतील उपाहारगृहे आणि अधूनमधून एखादे मंगल कार्यालय अशा ठिकाणी बसवलेले टचस्क्रीनचे ज्यूकबॉक्स, म्हणजे ग्राहकाने निवडलेले गाणे वाजवणारी यंत्रे, मी दुरुस्त करतो. यंत्रे वेगवेगळ्या बनावटीची असतात, परंतु तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते : गाणे मशीनमध्ये आहे, पण ग्राहकाला ते सापडत नाही. मालकाचा पहिला संशय पडद्यावर जातो, दुसरा सॉफ्टवेअरवर, आणि थोड्याच वेळात नवे यंत्र घेण्याची भाषा सुरू होते. दोष मात्र बहुधा तिसऱ्याच ठिकाणी असतो. ग्राहक गाणे ज्या नावाने मागतो त्या नावाने ते यंत्राच्या यादीत नोंदलेलेच नसते. म्हणूनच पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून खर्चिक आणि अवघड गोष्टींकडे जातात. हा क्रम मोडून शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात केल्यास पैसे वाया जातात.

लक्षणे

सर्वांत अधिक आढळणारे लक्षण असे की, ग्राहक शब्द टाइप करतो, पडदा ‘गाणे सापडले नाही’ असे सांगतो आणि मालकाला मात्र तेच गाणे परवा याच यंत्रावर वाजल्याचे स्पष्ट आठवत असते. काही ठिकाणी गाणे एका पद्धतीने लिहिले तर सापडते, दुसऱ्या पद्धतीने लिहिले तर सापडत नाही. काही ठिकाणी उलटा प्रकार असतो : शोधलेल्या शब्दाशी काडीचाही संबंध नसलेली गाणी पडद्यावर भरून येतात. एक अक्षर दाबल्यावर शेजारचे उमटणे, किंवा कोणीही हात न लावता अक्षरे उमटत राहणे हे वेगळ्या जातीचे लक्षण आहे. लाइट जाऊन आल्यावर निम्मी यादी नाहीशी होणे हे आणखी वेगळे.

याखेरीज एक लक्षण असे आहे ज्याला कोणी बिघाड म्हणत नाही. ग्राहक यंत्राजवळ जातच नाहीत. ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगतात, ‘‘भाऊ, थे पोयाचं गानं लावून दे नं.’’ (म्हणजे पोळ्याचे गाणे.) मालक याला गिऱ्हाइकाचा आळस समजतो. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची तक्रार आहे, कारण ती करणाऱ्याने एकदा शोध करून पाहिलेला असतो, तो फसलेला असतो आणि चारचौघांत पुन्हा फसायची त्याची इच्छा नसते.

पहिली तपासणी : वही आणि पेन

यंत्राशेजारी एक वही ठेवावी आणि आठवडी बाजाराचा एक दिवस धरून काही दिवस ग्राहकाने कोणते शब्द उच्चारले किंवा टाइप केले, ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. येथे शब्द शुद्ध करून लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ग्राहकाने ‘पानी’ म्हटले असेल तर वहीत ‘पानी’च हवे, ‘पाणी’ नको. समोर दोन रकाने करावेत : ते गाणे यंत्रात खरोखर आहे का, आणि असल्यास यादीत कोणत्या नावाने आहे.

ही तपासणी सर्वांत आधी करण्याचे कारण असे की ‘सापडत नाही’ या एका तक्रारीत दोन निराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. पहिल्या प्रकारात गाणेच नसते, आणि जगातील कोणताही शोध नसलेले गाणे आणून देणार नाही. तेथे गाणी वाढवणे हाच उपाय. दुसऱ्या प्रकारात गाणे असते आणि वाट चुकते. हे दोन प्रकार वेगळे केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. शिवाय ही वही पुढे तज्ज्ञाला दाखवायच्या कामी येते. ‘शोध नीट चालत नाही’ या वाक्यावरून कोणालाच काही दुरुस्त करता येत नाही.

दुसरी तपासणी : आधीच्या ग्राहकाने मागे सोडलेले

ज्यूकबॉक्स हा खासगी फोन नव्हे. एकाने अर्धवट टाइप केलेली अक्षरे शोधचौकटीत तशीच राहतात आणि पुढचा माणूस त्यांच्यापुढे आपली अक्षरे जोडतो. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे गाळणी, अर्थात यादीतील ठरावीक गाणीच दाखवणारा फिल्टर. आदिलाबादकडच्या एखाद्या ट्रकचालकाने यादीवर ‘तेलुगू’ ही गाळणी लावली आणि जेवून तो निघून गेला, तर नंतर आलेल्या माणसाला एकही मराठी भजन सापडणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यातले ते लहानसे चिन्ह त्याच्या ध्यानातही येणार नाही. कळफलकाची भाषा बदलून ठेवलेली असणे हाही याच जातीचा प्रकार आहे.

उपाय यंत्राच्या सेटिंगमध्ये असतो. ठरावीक वेळ कोणी स्पर्श केला नाही तर पडदा मूळ पानावर परत यावा आणि त्या वेळी शोधचौकट, गाळणी व भाषा ही तिन्ही पूर्ववत व्हावीत. एक मिनिटाचा अवधी मला योग्य वाटतो. त्याहून कमी ठेवल्यास सावकाश वाचणाऱ्या माणसाच्या हातून यादी निसटते. काही यंत्रांत मूळ पान येते पण गाळणी तशीच राहते, म्हणून सेटिंग बदलल्यावर मुद्दाम गाळणी लावून, थांबून खात्री करून घ्यावी.

तिसरी तपासणी : पडदा आणि वीज

अक्षरे चुकीची उमटत असतील तर आधी यंत्र बंद करून मऊ, किंचित ओलसर कापडाने पडदा पुसावा. रस्स्याचे तेल आणि रस्त्याची धूळ यांचा थर कडेच्या बाजूला जास्त साचतो आणि बहुतेक यंत्रांत कळफलक खालच्या कडेलाच असतो. पडदा दाबावर चालणारा म्हणजे रेझिस्टिव्ह असेल तर त्याची मोजणी सरकते. अशा वेळी सेटिंगमधील ‘कॅलिब्रेशन’ करून पडद्यावर दिसणाऱ्या खुणांवर अचूक बोट ठेवावे लागते. फोनसारखा कपॅसिटिव्ह पडदा असेल तर त्याला सहसा कॅलिब्रेशन लागत नाही. तो बिघडण्याची नेहमीची कारणे म्हणजे ओलावा, हलक्या प्रतीचा अडॅप्टर आणि नसलेले अर्थिंग. अडॅप्टरमधून येणारा विद्युत गोंगाट पडद्याला बोटासारखाच भासतो, त्यामुळे अक्षरे आपोआप उमटू लागतात. याची परीक्षा सोपी आहे. यंत्र थोडा वेळ चांगल्या प्रतीच्या दुसऱ्या अडॅप्टरवर चालवून पाहावे. भुताटकी थांबली तर दोष पडद्यात नव्हता.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. वर्धा, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली बंद पेटीतील हवा त्याहून तापते. पुष्कळ यंत्रांच्या पोटात रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेल्यावर स्वतःचा वेग कमी करू लागतो. टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते, ग्राहक तीच कळ पुन्हा दाबतो आणि शब्दात एक अक्षर दोनदा येते. दुपारी शोध बिघडतो आणि रात्री सुधारतो अशी तक्रार असेल तर पेटीच्या मागच्या जाळीतील कचरा काढावा, भिंतीपासून पेटी वीतभर पुढे ओढावी आणि पंखा फिरतो का ते पाहावे.

येथे एक थांबा आहे. पेटीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी भिंतीवरील बटण बंद करावे आणि वायरमनला बोलवावे. २३० व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग हे स्वतः करून पाहण्याचे काम नव्हे. आतील बॅटरी फुगलेली दिसली तरीही पेटी तशीच बंद ठेवावी.

चौथी तपासणी : यादी पुन्हा तयार करणे

आपण शब्द शोधतो तेव्हा यंत्र प्रत्येक वेळी सगळ्या फाइली उघडून पाहत नाही. त्याने आधीच तयार केलेल्या सूचीत ते पाहते. नवी गाणी पेनड्राइव्हवरून टाकली पण सूची ताजी केली नाही, तर गाणी यंत्रात असूनही शोधाला दिसत नाहीत. सूची लिहिली जात असतानाच लाइट गेली तर ती अर्धवट राहते. सेटिंगमध्ये ‘रीस्कॅन’ किंवा ‘लायब्ररी अपडेट’ अशा नावाची कळ असते. ती दाबून काम पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावू नये आणि शक्य असल्यास ते इन्व्हर्टरवर ठेवावे.

पुन्हा सूची करूनही दर वेळी वेगवेगळीच गाणी गहाळ होत असतील, किंवा काम एकाच टक्क्यावर अडकत असेल, तर मेमरी कार्ड वा पेनड्राइव्ह खराब होऊ लागले आहे असे समजावे. अशा कार्डावर रीस्कॅन पुन्हा पुन्हा करू नये, कारण प्रत्येक प्रयत्नाबरोबर उरलेली गाणीही धोक्यात येतात. आधी सर्व फाइलींची प्रत संगणकावर घ्यावी. प्रत घेताना संगणकही अडखळू लागला, तर गाण्यांचा दुसरा संच हाताशी नसलेल्या माणसाने तेथेच थांबून ते कार्ड जाणकाराकडे द्यावे.

पाचवी तपासणी : गाण्यांची नावे

येथपर्यंत सर्व ठीक असेल तर आता खरे काम सुरू होते. ते कंटाळवाणे आहे, पण त्याला वेळेखेरीज फारसा खर्च नाही आणि सर्वाधिक फायदा याच टप्प्यावर होतो.

एमपी३ फाइलीला दोन नावे असतात. एक फाइलीचे नाव, आणि दुसरे फाइलीच्या आत असलेल्या टॅगमधील शीर्षक, गायक व अल्बम. बहुसंख्य यंत्रे शोधासाठी टॅग वापरतात आणि टॅग रिकामा असला तरच फाइलीच्या नावाकडे पाहतात. त्यामुळे फाइलीचे नाव कितीही सुंदर असले तरी टॅगमध्ये ‘ट्रॅक ०७’ असेल तर शोधाच्या दृष्टीने ते गाणे ‘ट्रॅक ०७’च असते. कुठून तरी उतरवून घेतलेल्या गाण्यांत गायकाच्या जागी संकेतस्थळाची जाहिरात भरलेली असते आणि गायकाच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जुन्या पद्धतीच्या टॅगचा आणखी एक खोडा आहे. आयडी३ या टॅगपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकासाठी फक्त ३० बाइटची जागा असते. इंग्रजीत तेवढ्या जागेत ३० अक्षरे बसतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. म्हणजे फक्त १० चिन्हे. ‘पोळ्याच्या झडत्या’ (पोळ्याला म्हटली जाणारी गीते) हे शीर्षक घेतले तर ‘पोळ्याच्या’ या एका शब्दातच १० चिन्हे संपतात आणि ‘झडत्या’ कापले जाते. मग ‘झडत्या’ शोधणाऱ्याला ते कसे सापडणार? नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा नाही, २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालते आणि २००० साली आलेल्या २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा. काही स्वस्त यंत्रांना २.४ वाचता येत नाही, म्हणून मी २.३ आणि यूटीएफ-१६ हीच जोडी ठेवतो आणि जुना टॅग पूर्ण काढून टाकतो. दोन्ही टॅग राहिले तर कोणते यंत्र कोणता टॅग वाचेल याचा भरवसा नसतो.

तिसरा घोळ जुन्या फॉन्टचा. गावातील एखाद्या टायपिंग सेंटरमधून गाण्यांची यादी करून घेतली असेल आणि ती कृतिदेव वा तशाच युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांची समान अक्षरसंहिता येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असेल, तर पडद्यावर तो फॉन्ट बसवल्यामुळे नावे मराठीत दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असते. डोळ्याला बरोबर दिसते आणि शोधाला काहीच सापडत नाही, असे असेल तर पहिला संशय यावर घ्यावा. एक शीर्षक तेथून उचलून साध्या मजकुराच्या फाइलीत टाकावे. तेथे मराठीऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसला की निदान झाले. अशी नावे युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घालावीच लागते.

टॅग सुधारण्यासाठी संगणकावर ‘एमपी३टॅग’ हा प्रोग्राम पुरेसा आहे. सर्व गाणी एका बैठकीत सुधारायला घेऊ नयेत. वहीत जी नावे वारंवार आली आहेत त्यांपासून सुरुवात करावी.

सहावी तपासणी : एकाच शब्दाची अनेक रूपे

नावे शुद्ध केल्यावरही काही शोध फसतात आणि येथे विदर्भातील यंत्राची अडचण पुण्या-मुंबईच्या यंत्रापेक्षा निराळी होते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत ‘र’, त्यामुळे एकच सण यवतमाळकडे ‘पोया’ आणि भंडारा-गोंदियाकडे ‘पोरा’ होतो. ‘ण’चा ‘न’ तर सर्वत्र आहे. माणूस बोलतो तसे टाइप करतो, आणि त्याने तसेच करावे. ग्राहकाचे शुद्धलेखन तपासणे हे यंत्राचे काम नव्हे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वऱ्हाडी’ हाच शब्द पाहा. त्यातील ‘ह’ला जोडलेला अर्धा ‘ऱ्’ दोन मार्गांनी लिहिला जातो : युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक ठेवून. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. फोनवरून टॅग भरले आणि यंत्राच्या कळफलकाने शोधले, तर ही तफावत सहज येते. ‘अल्बम’मधील ‘अ’वर चंद्र देऊन लिहिणाऱ्यांचेही तसेच, कारण ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आले आणि त्याआधीची ‘अ’ला चंद्र जोडण्याची सवय अजून गेलेली नाही. चंद्र आणि चन्द्र, गीत आणि गित, हे भेद तर उघड आहेत.

तिसरी अडचण रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांची आहे आणि तरुण ग्राहकांत अशांची संख्या मोठी असते. ‘झाडी’ लिहिताना कोणी ‘झेड’ने सुरुवात करतो, कोणी ‘जे’ने, ‘विठ्ठल’मध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘टी’ एक की दोन, याला काही नियम नाही.

मालकाच्या हातातील उपाय म्हणजे पर्यायी नावे. यंत्रात ‘कीवर्ड’ किंवा ‘दुसरे नाव’ अशी जागा असेल तर तेथे, आणि नसल्यास शोध ज्या टॅगमध्ये डोकावतो त्या ‘टिप्पणी’च्या जागेत, वहीतील सर्व रूपे भरावीत : पोळा, पोया, पोरा, झडत्या, झडती, बैल. पडद्यावर दिसणारे शीर्षक बदलू नये, कारण ते अनेक रूपांनी लांबले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. काही यंत्रे टिप्पणीत शोधतच नाहीत. एका गाण्यावर अगदी वेगळा शब्द घालून, सूची ताजी करून, तो सापडतो का ते आधी पाहावे आणि मगच शेकडो गाण्यांना हात घालावा.

सातवी तपासणी : पडद्याची मांडणी

नावे ठीक, शोध ठीक, तरीही लोक गल्ल्यावर येऊनच सांगतात, असे असेल तर दोष मांडणीत आहे. बरीच यंत्रे उघडल्याबरोबर रिकामी शोधचौकट आणि कळफलक पुढे करतात. उभ्याने, एका हातात पाण्याचा ग्लास धरून, मागे दोघे वाट पाहत असताना टाइप करणे कोणालाही नकोसे वाटते. मूळ पानावर आधी मोठे विभाग असावेत आणि ते त्या गावच्या ऐकण्यातून ठरावेत. मोझरीच्या बाजूला खंजिरी भजनांचा स्वतंत्र विभाग लागतोच. पुसद-दिग्रसकडे बंजारा गाणी, गडचिरोलीकडे गोंडी गाणी आणि झाडीपट्टीतील नाटकांची गाणी, आणि भीमगीते सर्वत्र. एप्रिलच्या १४ तारखेच्या आसपास आणि दसऱ्याच्या दिवसांत, जेव्हा दीक्षाभूमीकडे जाणारी वाहने महामार्गावर असतात, तेव्हा भीमगीतांचा विभाग सर्वांत वर आणावा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी, श्रावणाच्या अखेरीस पोळा. विभागांचा क्रम बदलायला बहुतेक यंत्रांत दोन मिनिटे लागतात आणि तरीही तो कोणी बदलत नाही.

कळांच्या आकाराकडे लक्ष द्यावे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी. तो हिशेब हातात धरलेल्या फोनचा आहे. उभ्या पेटीवर, शेतात राबलेल्या जाड बोटांसाठी मी त्याच्या दीडपट आकार धरतो. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येत असेल तर वाढवावा, मग एका पानावर कमी गाणी दिसली तरी चालतील. देवनागरी कळफलक इन्स्क्रिप्ट या प्रमाणित टायपिंग क्रमाने असेल तर टायपिंग शिकलेल्यांची सोय होते, इतरांची होत नाही. निवडीची सोय असल्यास क, ख, ग, घ असा शाळेतला क्रम ठेवावा. प्रत्येक अक्षर कुठे असेल हे न शोधता कळते.

ज्यांना वाचणे जमत नाही किंवा चष्मा घरी राहिला आहे, त्यांच्यासाठी आकड्यांचा मार्ग ठेवावा. जुने ज्यूकबॉक्स असेच चालत. सीबर्ग कंपनीच्या एम१००ए या यंत्रात ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू मिळून १०० गाणी असत आणि ग्राहक समोरच्या पट्टीवर नाव पाहून अक्षर आणि आकडा दाबत असे. आजच्या यंत्रात हजारो गाणी असली तरी गावात नेहमी मागितल्या जाणाऱ्या गाण्यांना तीन आकडी क्रमांक देऊन त्यांचे कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून टेबलावर ठेवता येते. माणूस वेटरला विचारतो, क्रमांक पाठ करतो आणि पुढच्या वेळी स्वतः दाबतो. आवाजाने शोधण्याच्या सोयीकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही : ढाब्यावर तवा, टीव्ही आणि ट्रकचे हॉर्न एकाच वेळी वाजत असतात, शिवाय तिला बहुधा इंटरनेट लागते.

आठवा टप्पा : प्रोग्रामरला बोलवावे असे दोष

भलतीच गाणी येत असतील तर ते मालकाने सोडवण्याचे काम नाही, पण त्याचे कारण माहीत असले तर प्रोग्रामरशी नीट बोलता येते. पुष्कळ यंत्रे एसक्यूलाइट या डेटाबेसचा एफटीएस५ हा शोधविभाग वापरतात. त्यातील शब्द तोडण्याची मूळ पद्धत अक्षरे आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना ती शब्दांमधील मोकळ्या जागेसारखे वागवते. परिणाम असा की ‘पाऊस’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘ऊस’ असे दोन तुकडे होतात आणि ‘ऊस’ शोधणाऱ्यापुढे पावसाची सगळी गाणी येतात. ‘कोळी’, ‘काळी’ आणि ‘केळी’ हे तिन्ही शब्द ‘क’ आणि ‘ळ’ एवढेच उरतात, म्हणून ‘कोळी’ शोधले तर तिन्ही येतात. हीच उदाहरणे यंत्रावर करून पाहावीत. तसेच घडले तर प्रोग्रामरला एवढेच सांगावे की शब्दतोडणीच्या वर्गांत मात्राचिन्हांचे युनिकोडमधील दोन्ही वर्ग समाविष्ट करा आणि सूची नव्याने बांधा. जाणकाराला हे छोटे काम आहे.

त्याच्याकडून आणखी एक गोष्ट करून घ्यावी. प्रत्येक नावाचे एक लपलेले शोधरूप तयार करावे, ज्यात ‘ऱ्’ची दोन्ही रूपे एक होतील, अदृश्य जोडक गळून पडेल, ह्रस्व-दीर्घ आणि ‘ण-न’ यांतील भेद राहणार नाही, आणि ग्राहकाने टाइप केलेला शब्दही त्याच चाळणीतून जाईल. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण येथे पुरत नाही. ते ‘ऱ’ची नुक्त्याने (अक्षराखालच्या टिंबाने) बनलेली जोडणी एक करते, जोडकाने बनलेली नाही. ‘ळ-य-र’ हा भेद मात्र या चाळणीत पुसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो पुसला तर काळा, काया आणि कारा एक होतात आणि यादी पुन्हा भलत्या गाण्यांनी भरते. त्यासाठी पर्यायी नावेच बरी. तंतोतंत जुळणारी गाणी आधी आणि जवळपास जुळणारी नंतर, या क्रमाचाही आग्रह धरावा. एखादे अक्षर चुकले तरी गाणे सापडावे यासाठी अक्षरांतील फरक मोजण्याची पद्धत वापरली जाते, पण तीन-चार अक्षरांच्या मराठी शब्दात एका अक्षराचा फरक शब्दच बदलून टाकतो, म्हणून ही सवलत फक्त लांब शब्दांना द्यायला सांगावे.

वेगाबद्दल बोलताना ठोस मोजमाप द्यावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात : दशांश सेकंदात आलेले उत्तर तत्काळ वाटते आणि एक सेकंदापुढे गेल्यास माणसाच्या विचाराचा धागा तुटू लागतो. अक्षर दाबताच ते दशांश सेकंदात उमटावे आणि यादी एका सेकंदाच्या आत यावी. ‘गाणे सापडले नाही’ हा कोरा संदेश तर काढूनच टाकायला लावावा. त्याच्या जागी जवळची पाच नावे आणि विभागांकडे परतण्याची मोठी कळ असावी.

डेटाबेसची फाइल स्वतः उघडून दुरुस्त करू नये, वॉरंटीत असलेल्या यंत्राचे सील तोडू नये, आणि उत्पादकाचे सॉफ्टवेअर बंदिस्त असेल तर स्थानिक प्रोग्रामरलाही त्यात हात घालू देऊ नये. अशा वेळी विक्रेत्याकडे लेखी मागणी करावी. प्रोग्रामर येण्यापूर्वी गाण्यांची आणि सूचीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावी. तो आल्यावर त्याला वही द्यावी आणि त्यातील न सापडलेले शब्द त्याच्यासमोर ग्राहकाच्याच लेखनात यंत्रावर टाइप करून दाखवावेत. काम संपल्यावर तेच शब्द पुन्हा टाइप करून घ्यावेत, आणि ते सर्व सापडेपर्यंत बिलाची पूर्ण रक्कम देऊ नये.